गोव्यात लहान पोरांना न्यायचं तरी कुठे? (बीच सोडून सांगा)

पर्वरीची_नवी
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतेय, आज लिहितेच. जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्याहून पर्वरीला आलो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच. कुणालाही सांगितलं की गोव्यात राहतो तर समोरचा म्हणतो वा, मज्जा आहे बुवा तुमची, आणि इकडे शनिवार उजाडला की मी डोकं धरून बसते की आज ह्या दोघांना काढायचं कुठे. बिल्डिंगमधले अर्धे फ्लॅट मुंबई-दिल्लीवाल्यांचे, सेकंड होम, कुलूपच असतं, त्यामुळे खाली खेळायला पोरंच नाहीत. पुण्यात निदान सोसायटीचं गार्डन होतं, संध्याकाळी सोडून दिलं की दोन तास बघायला नको. पावसाळा सगळा एका प्ले झोनमध्ये काढला आणि आता तो आवाज, ते दिवे आणि ते बिल, तिन्ही नको झालंय.

बीच म्हणाल तर मुलगी लाटांना घाबरते आणि मुलगा अजिबात घाबरत नाही, हे जास्त वाईट. म्हणून बीच सोडून सांगा. अटी: सुसू-शीची सोय जवळपास हवी, फार चालणं नको, दुपारी जेवून झोपायला घरी पोचलो तर सोन्याहून पिवळं. गाडी शनिवार-रविवारच मिळते, एरवी स्कूटर.

कदंब_शटल
ताई स्वागत. पर्वरीत राहता म्हणजे पूल ओलांडला की पाटो, आणि पाटोला कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. संस्था १८३२ सालची, इमारत नवी. मुलांचा विभाग वेगळा आहे, मराठी कोकणी हिंदी इंग्लिश सगळी पुस्तकं, आत बसून वाचायला पैसे पडत नाहीत, टॉयलेट आहे, लिफ्ट आहे. भर पावसात मी माझ्या पोरीला घेऊन तिथेच पडीक असायचो, ती चित्रं बघायची मी पेपर वाचायचो, दोघं खूश.

दुसरं मिरामारचं सायन्स सेंटर. बटणं दाबायची, चाकं फिरवायची सगळी यंत्रं तुमच्या मुलासाठी, आणि बाहेरचं सायन्स पार्क छोटीसाठी. तारांगणाचा शो अंधारात असतो, अडीच वर्षांची रडायची शक्यता भरपूर, तेव्हा नवरा-बायकोत आधीच ठरवून ठेवा बाहेर कोण थांबणार ते. तिसरं कस्टम्सचं म्युझियम, धरोहर, मांडवीच्या काठाची ती निळी इमारत. तस्कर लोक माल कुठे कुठे लपवायचे ते तिथे मांडून ठेवलंय. सहा वर्षांच्या मुलाला ह्यात जो रस असतो तो बघून थोडी काळजी वाटते पण असो.

आणि काहीच सुचलं नाही तर पणजी स्टँडवर जाऊन म्हापशाची शटल पकडा. मस्करी नाही करत. खिडकीवर रांग लावून तिकीट पोराच्या हातात द्यायचं, खिडकीजवळची सीट, म्हापशाला उतरून बाजारात एक फेरी, परत शटल. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, पोर हरवेल.

आजी_फोंड्याची
अगो बाय, बोंडल्याला ने त्यांना. फोंड्याहून उसगावच्या बाजूने जायचं. अभयारण्य लहानसंच, ८ चौरस किलोमीटर, त्यातच छोटं प्राणिसंग्रहालय आहे, हरणं आहेत, गवा आहे (गवा आपला राज्यप्राणी, शाळेत विचारतात), बाग आहे. गुरुवारी बंद असतं हे लिहून ठेव, मी शिक्षिका असताना दुसऱ्या एका शाळेची आख्खी बस गुरुवारी गेटवरून परत आलेली बघितली आहे. सकाळी लवकर जा, डबा घरचा ने, माकडांसमोर उघडू नको.

आणि प्रियोळला फुलपाखरांची बाग आहे, मंगेशीपासून जवळच. पावसाळा संपल्यावर फुलपाखरं जास्त, म्हणजे आत्ताच. ढग असले की ती पानांखाली बसून राहतात, ऊन हवं. जायच्या आधी फोन करून चालू आहे ना ते विचारावं. येताना मंगेशीच्या तळीवर पायऱ्यांवर बसायचं, मासे बघायचे, पोरांचा हात सोडायचा नाही.

दोन_जुळी
वाचतोय सगळं. पण थोडं उलटं बोलू का? मला चार वर्षांची जुळी आहेत आणि मी बिनदिक्कत मॉलमध्ये नेतो. लोक निसर्ग निसर्ग करतात पण ऑक्टोबरच्या उन्हात अकरा वाजता दोन पोरांना घेऊन स्पाइस फार्म फिरून दाखवा. आम्ही गेलो होतो एका ठिकाणी, नाव नाही घेत, जेवण धरून माणशी पैसे, पोरांनी तिथला भात सोडून काही खाल्लं नाही, गाईड वेलचीची माहिती देतोय आणि माझी दोघं मुंग्यांच्या रांगेमागे. मुंग्या आमच्या घरी पण आहेत, फुकट. त्यामुळे नव्या आईबापांना उगाच गिल्ट देऊ नका, एसीत दोन तास पोरं दमली तर काय बिघडलं.

कदंब_शटल
@दोन_जुळी गिल्ट कोण देतंय पात्रांव, ताईंनी स्वतःच लिहिलंय नको झालंय म्हणून. आणि मुंग्यांच्या रांगेमागे गेली म्हणजे ट्रिप वसूल झाली की तुमची.

सुकती
पर्वरीची_नवी, तुम्ही बीच सोडून म्हणालात तरी मी बीचच सांगणार आहे, पण लाटा नसलेला. शेवटपर्यंत वाचा मग नाही म्हणा.

मी हणजूणच्या बाजूला राहते. आमच्याकडे किनाऱ्याचा बराचसा भाग खडकाळ आहे, टुरिस्ट तिथे सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि जातात. पण सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी मागे गेलं की त्या खडकांत डबकी राहतात, घोट्याएवढी, काही तर नुसती परातीएवढी, आणि त्यात जे काय चाललेलं असतं ते बघत पोरं तासभर हलत नाहीत. शंखात राहणारे खेकडे असतात, तुम्ही आलात की सगळे शंख एकदम थांबतात, मग शंभरपर्यंत आकडे म्हणायचे (पोरांचं पाठांतर होतं) की एकेक पाय बाहेर येतो आणि सगळं डबकं चालायला लागतं. समुद्रफुलं असतात खडकाला चिकटून, उघडी असली की झालरीसारखी, लाट आली पाणी गेलं की मिटून नुसता चिकट गोळा. बारके पारदर्शक मासे असतात ते सावली पडली की गायब. माझी मुलगी तीनची असल्यापासून येतेय, तिने पहिल्यांदा एक खेकडा जुना शंख सोडून मोठ्या शंखात शिरताना बघितला, मध्ये ते त्याचं मऊ वाकडं नागडं शरीर अर्धा सेकंद दिसलं, आणि तेव्हापासून नवे बूट घेतले की ती म्हणते आई मी शंख बदलला.

पण हे सगळं वेळेवर आहे. भरतीला गेलात तर तिथे काहीच नाही, उलट खडकावर लाटा आपटतात आणि धोका आहे. म्हणून आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघायचं, मोबाइलवर मिळतं, मुरगाव बंदराचं बघा. सुकती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आज आठला असेल तर उद्या पावणेनऊच्या पुढे. अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशी आणि त्यानंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात लांब जातं. सुकतीच्या तासभर आधी पोचायचं, पाण्याच्या मागे मागे जायचं, आणि पाणी वळलं की आपण पण वळायचं, अजून पाच मिनिटं अजून पाच मिनिटं करायचं नाही.

बाकी नियम: शेवाळ्यावर पाय नको. कालवं खडकाला असतात त्यांची धार ब्लेडसारखी कापते, त्यामुळे अनवाणी नाही. काही उचलून घरी आणायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, कारण तो कुणाचं तरी पुढचं घर आहे. दगड उलटा केला तर होता तसा परत ठेवायचा. वाळूत निळे छोटे फुगे पडलेले दिसले, शेपटीसारखा दोरा असलेले, तर पोरांना हात लावू देऊ नका, ते पावसाळ्यात आणि त्याच्या आसपास येतात आणि मेलेले असले तरी डसतात. जून ते सप्टेंबर ह्या वाटेला जायचंच नाही.

पर्वरीची_नवी
@सुकती बापरे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं टाइमटेबल मच्छीमारांसाठी असतं. आजी, गुरुवार लिहून ठेवला. @दोन_जुळी तुमचं पण पटतंय हो, उन्हाचा मुद्दा आहेच, पावणेबारा वाजता माझी मुलगी माणसात नसते.

मडगावचो_पात्रांव
नेहमीप्रमाणे सगळं पणजी आणि बार्देश. साष्टीत, म्हणजे आमच्या मडगावच्या बाजूला, माणसं राहत नाहीत काय?

बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हीचं विमान म्युझियम, १९९८ पासून आहे, सोमवारी बंद. बाहेर आवारात खरीखुरी विमानं उभी, सी हॅरियर आहे, आणि ते अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. दाबोळी शेजारीच असल्यामुळे डोक्यावरून चालू विमानं जातात ती बोनस. मुलगा सहाचा आहे म्हणजे हे त्याचं देऊळ आहे असं समजा. झालं की खाली बोगमाळोचा बीच किंवा त्याच्या अलीकडे हॉलांत, छोटासा, उथळ, लाटा कमी, छोटीला चालेल.

लोटलीला बिगफूट आहे, जुन्या गोव्यातलं गावच उभं केलंय, पोदेर (पाव भाजणारा), मासेवाली, दारू गाळणारा, सगळ्यांचे पुतळे, आणि जांभ्या दगडात कोरलेली आडवी मीराबाई. माझ्या पोरांना मीराबाईपेक्षा तिथला मोठ्या पायाचा ठसा आवडला. फातोर्ड्याच्या रवींद्र भवनवर लक्ष ठेवा, एप्रिल-मेमध्ये मुलांची शिबिरं असतात, नाटक, चित्रकला. केपे, सांगेकडे नेत्रावळीला बुडबुड्यांची तळी आहे, गोपीनाथाच्या देवळाजवळ, पाण्यातून सारखे बुडबुडे वर येतात, का येतात ह्यावर गाडीत येताना भांडण करता येतं. पण पर्वरीहून लांब पडेल, त्यासाठी आख्खा दिवस पाहिजे.

थिवी_लोकल
आमच्याकडची आयडिया एकदम स्वस्त. थिवीला ट्रेनमध्ये बसायचं, करमळीला उतरायचं. पॅसेंजर मिळाली तर उत्तम. मधे गाडी दिवाडी बेटावरून जाते, दोन्ही बाजूंना पाणी, खाजन (खाडीकाठची खारी शेतजमीन), बगळे, खिडकीतून बघायला इतकं आहे की पोरं मोबाइल मागत नाहीत. करमळीचं तळं स्टेशनापासून लांब नाही, थंडीत तिथे पक्षी येतात, जांभळ्या पाणकोंबड्या तर बाराही महिने, त्या कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणाऱ्या कमळपक्ष्यांना माझा मुलगा स्लीपरवाले पक्षी म्हणतो. कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं तेवढं बघून घ्या, आणि परतीची गाडी लेट असेल तर रिक्षा किंवा बसचे पैसे खिशात ठेवा. कुणाला तरी गाडी घेऊन करमळीला बोलावलंत तर सगळ्यात बेस्ट.

शांत_वेळ
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा पाच वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. त्याला आवाज आणि गर्दी सहन होत नाही, त्यामुळे प्ले झोन, फेस्त, जत्रा सगळं बाद. पाणी, पान, दगड ह्यात मात्र तासन्‌तास रमतो. वरची यादी वाचून बरं वाटलं, पण ह्यातलं आम्हाला काय चालेल कुणी अनुभवाने सांगाल का?

कदंब_शटल
@शांत_वेळ सायन्स सेंटर रविवारी आणि शाळांच्या सहली असतात तेव्हा नको, एरवी आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जा, फोन करून आज शाळा येणार आहेत का विचारलंत तर सांगतात. लायब्ररी तर तुमच्यासाठीच. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या बाजूची मोठी हिरवळ सकाळी लवकर जवळपास रिकामी असते, दहानंतर टुरिस्ट बसेस सुरू होतात. आणि पणजीत पर्पल फेस्ट होतो, २०२३ पासून, दिव्यांग लोकांसाठीच आहे, गर्दी असते पण तिथे तुमच्या मुलाने कानावर हात ठेवले तर कुणी वळून बघत नाही, हे मी स्वयंसेवक म्हणून उभा होतो तेव्हा बघितलंय.

सुकती
@शांत_वेळ खडकावर या. खरंच या. लाटांचा आवाज सुकतीला लांब गेलेला असतो, आणि सगळ्यांना खाली वाकून बघायचं असल्यामुळे कुणी कुणाशी फार बोलत नाही. आधी एकट्याच येऊन जागा बघून गेलात तर मी बरोबर येईन.

चोडणची_सून
कमाल आहे, इतक्या पोस्टी झाल्या आणि चोडणचं नाव कुणी घेतलं नाही. पर्वरीची_नवी, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहोत आम्ही!

रायबंदरला फेरीबोट पकडायची. गाडी रायबंदरलाच ठेवा, पायी चढा, पायी माणसाला तिकीट नाही. आता मोठी रो-रो पण आली आहे, पण पोरांना जुनीच आवडते, तो पुढचा लोखंडी पाट साखळीने खडखडत वर जातो तेव्हा सगळी चिल्लीपिल्ली कठड्याला. मांडवी ओलांडून उतरलं की धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्याचं गेट, चालायला लागतच नाही. आत खारफुटीतून फरसबंद वाट आहे, सावली आहे. पक्षी दिसतील न दिसतील, नावावर जाऊ नका. छोट्या मुलांनी बघायचं ते खाली, चिखलात. झाडांची मुळं चिखलातून वर आलेली असतात, श्वास घ्यायला, पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी. निवट्या असतात, मासा असून चिखलावर उड्या मारतो, डोळे डोक्यावर. आणि ते एक नांगी भलीमोठी असलेले बारके खेकडे, नर असतात ते, सगळे मिळून नांगी वर-खाली करतात, इकडे या इकडे या केल्यासारखं. माझ्या पुतणीने उलट हात करून त्यांना बाय-बाय केलं होतं.

ह्यात पण @सुकती म्हणते तेच आहे. हे सगळं बघायचं तर ओहोटीला जा, चिखल उघडा पडलेला पाहिजे. होडीतून आत जायचं असेल तर भरती लागते, पाणी नसेल तर होडी जातच नाही. दोन्ही एका फेरीत होत नाही. डासांचं मलम लावूनच निघा, फुल पँट, आणि सुसू फेरीच्या आधी उरकून घ्या.

दोन_जुळी
हे चोडणचं मला माहीतच नव्हतं, म्हणजे पाटी रोज बघतो पण पक्षी म्हटलं की मी पुढे जातो. माझ्या जुळ्यांना फेरीबोट म्हणजे फुकटात राइड. ठीक आहे, एकदा करून बघतो, पण साडेनऊपर्यंत परत.

माशेलकार
सगळे ठिकाणं सांगतायत, मी दिवस सांगतो. गोव्यात पोरांसाठी खरी मजा कॅलेंडरात आहे.

आत्ता दिवाळी तोंडावर आहे. नरकासुराचा पुतळा बघायचा तर रात्री जाऊ नका, ते साउंड बॉक्स छातीत धडधडतात आणि सगळं मध्यरात्रीनंतर. आधीच्या आठवड्यात संध्याकाळी वाड्यावाड्यावर जा, जिथे पोरं तो बनवत असतात. आधी नुसता सांगाडा, मग गवत, मग पेपर चिकटवून चामडी, मग कुणीतरी मोठा मुलगा शिडीवर चढून डोळे रंगवतो. तुमच्या मुलाला हातात पेपर आणि खळीचा डबा दिला तर तो तिथून घरी येणार नाही ही गॅरंटी. कुणालाही विचारा, नाही म्हणत नाहीत, फक्त कपडे जुने घाला.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या माशेलला चिखलकालो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात, माणसं पावसात चिखलात लोळतात आणि जुने खेळ खेळतात. खाऊ फेकतात तो झेलायचा. लहान पोरांना कडेला उभं करून दाखवा, नाहीतर सरळ चिखलात सोडा, घरी काय होईल ते होईल. चवथीला सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड, दोन होड्या एकत्र बांधून त्यावर गणपती आणि देखावे, नदीतून. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी पण आहेत बरं का, पाण्यात हात घालायचा नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरां, झेंड्यांचा उत्सव. फाल्गुनात शिगमो, पण मिरवणुकीला फार उशीर होतो, छोटी झोपून जाईल, तेव्हा चित्ररथ सुरुवातीला जिथे रांगेत थांबलेले असतात तिथे संध्याकाळी जाऊन जवळून बघायचे आणि परत यायचं.

आजी_फोंड्याची
माशेलकार बरोबर बोलला. त्यात माटोळी राहिली. चवथीला ज्यांच्या घरी गणपती त्यांच्याकडे गेलं की पोरांना आधी वर बघायला सांगायचं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला रानातली फळं, शेंगा, कंदमुळं, सुपारीचे घोस बांधलेले असतात, शहरातल्या मुलाला त्यातली दोन ओळखता आली तरी खूप. मी वर्गातल्या मुलांना प्रत्येक घरातलं एक नवीन फळ लिहून आणायला सांगायची. आता पुढच्या वर्षी.

मे महिन्याचं पण सांगते. मार्च ते मे काजूचा मोसम, कुणा ओळखीच्याचा बागायत डोंगर असला तर सकाळी बोंडू वेचायला न्या. ताजा निरो (बोंडूचा रस) प्यायला द्या, थंड, पण कपड्यांना डाग पडला तर तो जात नाही.

काकणां_फॅन
मी फक्त एक सांगायला आले. दुपारी तीन-साडेतीनला गावातल्या पोदेराच्या फोर्नावर (पावाच्या भट्टीवर) जा. संध्याकाळचा पाव निघायची वेळ असते. लांब दांड्याच्या फावड्याने आत ढकलतात आणि बाहेर काढतात, लाकडाचा विस्तव, भिंत काळी झालेली. आमच्याकडचा पोदेर लहान पोरं आली की एक काकण (बांगडीसारखा गोल पाव) त्यांच्या मनगटात घालतो, मग ती घरी जाईपर्यंत बांगडी खात जातात. पर्वरीत, सुकूरला, साळगावला, कुठेही असेल, सायकलवाला भोंगा वाजवत येतो त्यालाच विचारा फोर्न कुठे. विस्तवापासून मुलांना लांब उभं करा.

मडगावचो_पात्रांव
काकणां आमच्याकडची जास्त कडक असतात. तुमच्याकडची मऊ.

काकणां_फॅन
हो का. कधी आणताय.

कदंब_शटल
विषय भरकटतोय. पण दुपारवरून आठवलं, ताई तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, एक ते तीन-चार काहीच ठरवू नका. दुकानं बंद, छोटी हॉटेलं बंद, म्युझियमवाला जेवायला गेलेला. पुण्यात पण एक ते चार असतं म्हणतात पण इथे खरंच सगळा गाव झोपतो. पोरांना पण तेव्हाच झोपवा, साडेचारला परत निघा, कांपालपासून मिरामारपर्यंत नदीकाठाने फुटपाथ आहे, स्ट्रोलर ढकलता येतो. पणजीत दुसरीकडे स्ट्रोलर नेऊ नका, फुटपाथ मधेच संपतो आणि समोर एक स्कूटर उभी असते. आठवड्यातल्या संध्याकाळसाठी कांपालचं बालभवन बघा, नाच, तबला, चित्रं, मातीकाम, फी अगदी कमी, मुलगा बसतो त्यात, मुलगी लहान पडेल.

पर्वरीची_नवी
मी परत आले. शनिवारी चोडण करून आलो. ओहोटी बघून गेलो, साडेसातची फेरी धरली. निवट्या दिसल्या, भरपूर. मुलगा कठड्यावरून खाली वाकून त्यांना एकेक नावं देत होता, सगळ्यांची नावं त्याच्या पुण्यातल्या मित्रांची होती. मुलीला चिखल आवडला नाही, फेरीबोट आवडली, तिने उतरायलाच नकार दिला म्हणून नवरा तिला घेऊन त्याच बोटीने परत रायबंदरला जाऊन आला, मग अजून एकदा. कुणी काही म्हणालं नाही, बोटीवरच्या माणसाने उलट तिला वर कठड्याजवळ उभं केलं. साडेदहाला घरी. दुपारी दोघं झोपली आणि आम्ही दोघंही झोपलो.

@दोन_जुळी साडेनऊपर्यंत नाही होत, पण डासांचं मलम खरंच लावा.

@सुकती आता तुमच्या खडकाचं ठरवू. दिवाळीची अमावस्या येतेच आहे, म्हणजे तुमच्या हिशोबाने पाणी लांब जाणार ना? भाऊबीजेला चालेल का?

सुकती
भाऊबीजेला भाऊ येणार माझा, त्या दिवशी नको. पाडव्याला सकाळी करू. समुद्र अजून पूर्ण शांत झालेला नसतो कधी कधी, त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी जाऊन बघून येईन आणि इथेच टाकेन. लाल झेंडा असला किंवा लाटा मोठ्या असल्या तर कॅन्सल, मग कार्तिकी पौर्णिमेला. @शांत_वेळ तुम्ही आमच्यापेक्षा अर्धा तास आधी या, गर्दी व्हायच्या आत त्याला एक डबकं त्याचं त्याचं मिळेल.

शांत_वेळ
येते. पाडव्याला घरी कुणी नाही, जमेल.

दोन_जुळी
आम्ही चार जणं. चहाचा थर्मास माझ्याकडे. पार्किंग कुठे?

सुकती
पार्किंग मेसेजमध्ये पाठवते. आणि सगळ्यांनी पोरांचे जुने बूट आणा, मागे पट्टा असलेले, क्रॉक्स नकोत, ओल्या खडकावर सटकतात. टोपी, पाणी, बदलायचे कपडे गाडीत ठेवा. प्लास्टिकच्या बादल्या आणि जाळ्या घरीच ठेवा, पोरं हातात जाळी असली की बघत नाहीत, नुसती पकडतात.